पडद्यावरील लुकलुक : विंडोच्या अंशतः पुनर्रेखनाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या पडद्यावरील विंडोचा आकार कमीजास्त केला, तिच्यावरून दुसरी विंडो बाजूला सारली, अथवा तिच्यातील मजकुराचे एखादेच अक्षर बदलले, म्हणजे तेवढा भाग नव्याने काढावा लागतो. या पुनर्रेखनात आधी जुने चित्र पुसले जाते आणि मग नवे उमटते. या दोहोंच्या मध्ये जो रिकामा क्षण येतो तो डोळ्याने टिपला, की पडदा लुकलुकल्यासारखा वाटतो. संगणकक्षेत्रात या दोषाला फ्लिकर म्हणतात. प्रस्तुत लेखात लुकलुक हा शब्द त्याच अर्थी योजिला आहे.

लुकलुकीचे दोन प्रकार प्रारंभीच वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रकार पडद्याचा स्वतःचा होय. चित्रनलिकेच्या काचेवरील स्फुरक लेप इलेक्ट्रॉनांच्या झोताने उजळतो व लगेच मंदावतो. म्हणून तो सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुनःपुन्हा उजळावा लागतो, आणि ही संख्या अपुरी पडली तर संपूर्ण पडदा थरथरतो. दुसरा प्रकार चित्र काढणाऱ्या प्रोग्रामचा होय. पडदा निर्दोष असूनही प्रोग्राम जर अर्धवट झालेले काम पडद्यावर ठेवीत असेल, तर तेवढाच भाग लुकलुकतो. पहिल्या प्रकाराचा इतिहास यंत्ररचनेचा आहे. दुसऱ्याचा इतिहास कार्यपद्धतीचा आहे.

या दुसऱ्या प्रकाराविषयी एक समजूत सर्वत्र आढळते. ती अशी की, जुने संगणक मंदगती होते म्हणून त्यांचे पडदे लुकलुकत. संगणक वेगवान झाले आणि दोष आपोआप नाहीसा झाला. ही समजूत साध्या गणितापुढेही टिकत नाही. पडदा सेकंदाला ६० वेळा वाचला जातो असे धरले, तर एका वाचनास सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात. पुसणे व पुन्हा काढणे यांच्या दरम्यान एखादा भाग ५ मिलिसेकंद रिकामा राहत असेल, तर तो रिकाम्या अवस्थेत वाचला जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के होते. विंडोचा कोपरा ओढताना सेकंदाला ३० वेळा पुनर्रेखन झाल्यास त्यांतील सरासरी ९ वेळा डोळ्यापुढे रितेपणा येतो. आणि सेकंदाला दहाच्या आसपास होणारी चलबिचल मानवी डोळ्याला फार जाणवते. संगणक दुप्पट वेगवान झाला तर ९ च्या ठिकाणी चार-पाच वेळा रितेपणा येईल, तोही अनियमितपणे. गतीमुळे दोष विरळ होतो. त्याचे मूळ मात्र तसेच राहते. ते मूळ कामाच्या क्रमात आहे, आणि क्रम बदलण्याचा हा इतिहास संगणकाहून जुना आहे.

२. कंदील आणि चित्रपट

डोळ्यासमोरील चित्र बदलावयाचे, पण बदल होत असतानाची अवस्था दिसू द्यावयाची नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम पडला तो जादूच्या कंदिलाचे खेळ करणाऱ्यांना. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ सुरू केले. काचेवर रंगविलेली चित्रे भिंगातून पडद्यावर पाडावयाची आणि ती भराभर बदलून आकृती हलत असल्याचा भास निर्माण करावयाचा, असे त्या खेळांचे स्वरूप होते. अशा खेळांत एकच कंदील असेल तर काच बदलताना पडद्यावर अंधार तरी होतो किंवा सरकती काच तरी दिसते. एकाहून अधिक कंदील असले म्हणजे अडचण दूर होते. एका कंदिलाचे चित्र पडद्यावर असता दुसऱ्यात पुढची काच बसवून तयार ठेवावयाची, आणि मग पहिल्याचा प्रकाश काढून दुसऱ्याचा सोडावयाचा. नवे चित्र पुरते सिद्ध झाल्यावाचून जुने हलवावयाचे नाही, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. पुढे संगणकशास्त्रात दुहेरी बफर या नावाने जी पद्धती रूढ झाली तिचा गाभा हाच आहे.

चित्रपटाने मात्र निराळा मार्ग धरला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखविण्यात आल्या. चित्रपटाच्या यंत्रात फीत झटक्याझटक्याने पुढे सरकते, आणि ती सरकत असताना फिरती झडप प्रकाश अडविते. झडप नसती तर प्रत्येक चित्राचे उभे ओरखडे पडद्यावर दिसले असते. म्हणजे बदल अंधारात लपविला जातो. परंतु तो अंधारच लुकलुकीस कारण होतो. मूकपटांच्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे दाखविली जात, आणि इतक्या कमी वेळा येणारा अंधार डोळ्याला सहज कळे. यावर जो उपाय निघाला तो वरवर पाहता विपरीत वाटतो. झडपेला आणखी पाती जोडून, चित्र स्थिर असतानाही प्रकाश मुद्दाम खंडित करण्यात येऊ लागला. तीन पात्यांच्या झडपेने १६ चित्रांचे ४८ लखलखाट होतात. पुढे बोलपटांच्या युगात २४ चित्रे आणि दोन पाती यांनी तीच संख्या साधली. अंधार वाढवून अंधाराची जाणीव कमी करण्याचा हा प्रकार होता.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठी प्रदर्शित झाला, त्या सुमारास प्रेक्षकांच्या डोळ्यांची सोय अशा रीतीने झडपेच्या पात्यांवर अवलंबून होती. ही युक्ती अंधाऱ्या चित्रपटगृहात पुरेशी ठरली, याचे कारण फेरी आणि पोर्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात सापडते. प्रकाश जितका प्रखर, तितकी लुकलुक न जाणवण्यास लागणारी वारंवारिता अधिक, असे तो नियम सांगतो. चित्रपटाचा मंद पडदा ४८ लखलखाटांनी स्थिर भासला, तरी उजेडातील टेबलावर हातभर अंतरावर असलेला पांढरा पडदा त्याच संख्येने स्थिर भासणार नाही. संगणकाच्या चित्रनलिकांना सेकंदाला ७५ अथवा ८५ वाचनांपर्यंत जावे लागले, ते यामुळेच.

३. चित्रनलिकेचे युग

दूरचित्रवाणीने चित्रपटाची युक्ती आणखी पुढे नेली. मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत ६२५ ओळींचे चित्र सेकंदाला २५ वेळा पूर्ण होते. पण प्रत्येक चित्र विषम व सम ओळींच्या दोन हप्त्यांत पाठविले जात असल्यामुळे पडदा ५० वेळा उजळतो. मोठ्या आकृतींची लुकलुक यामुळे थांबते. तथापि जी आडवी रेषा एकाच ओळीत मावते, ती सेकंदाला केवळ २५ वेळा उजळते आणि थरथरते. देवनागरीसारख्या लिपीत, जेथे प्रत्येक शब्दावर आडवी शिरोरेषा आहे, हा दोष विशेष जाणवण्यासारखा आहे. लिपीचे स्वरूप आणि लुकलुक यांचा संबंध येथे प्रथम दिसतो. तो पुढे अधिक गंभीर रूपात भेटतो.

संगणकाच्या पडद्यावर या काळात दोन टोकाच्या व्यवस्था होत्या. एका प्रकारात झोत थेट रेषा काढीत फिरे, आणि रेषा मावळण्यापूर्वी तो पुन्हा तेथे पोहोचावा लागे. रेषांची संख्या वाढली म्हणजे फेरी लांबे आणि चित्र थरथरू लागे. दुसऱ्या प्रकारात, टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या १९७२ मधील ४०१० या यंत्राप्रमाणे, नलिकाच रेषा धरून ठेवी. तिचे चित्र अगदी स्थिर असे. पण त्यातील एक रेषा पुसावयाची म्हणजे सगळा पडदा एकदम लखकन उजळवून कोरा करावा लागे आणि उरलेले सर्व चित्र पुन्हा काढावे लागे. स्थिरता मिळाली, परंतु अंशतः बदलाची सोय गेली. एका भागात बदल करूनही बाकीचे चित्र स्थिर ठेवण्यास तिसरी व्यवस्था हवी होती. पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी मेमरीत जागा राखून ठेवणे, ही ती व्यवस्था होय.

४. मेमरीची टंचाई आणि बाद क्षेत्र

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या आल्टो संगणकाचा पडदा ६०६ गुणिले ८०८ बिंदूंचा होता. प्रत्येक बिंदूस एक बिट धरता त्याला ६१,२०६ बाइट लागत. आणि त्या यंत्राची मूळ मेमरी १२८ किलोबाइट होती. एका पडद्याच्या चित्रानेच जवळजवळ निम्मी मेमरी व्यापली जात असता त्याची दुसरी प्रत पडद्याआड तयार करण्याची चैन परवडण्यासारखी नव्हती. म्हणून बदललेला भाग तेवढाच त्वरेने हलविणे हा मार्ग उरला. डॅन इंगॉल्स आणि डायना मेरी यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलेली बिटब्लिट ही क्रिया मेमरीतील एक आयत उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवते. विंडोंचे पुढील सर्व तंत्र या एका क्रियेवर उभे राहिले.

१९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकात ५१२ गुणिले ३४२ बिंदूंचा पडदा २१,८८८ बाइटांत मावे. एकंदर मेमरी १२८ किलोबाइटच होती. बिल अॅटकिन्सन यांनी तेथे आयतापुढे जाऊन वेड्यावाकड्या आकाराच्या क्षेत्राचा हिशेब ठेवणारी पद्धती रचली. एक विंडो बाजूला सरली म्हणजे तिच्याखाली झाकलेला जो भाग उघडा पडतो, तो बहुधा आयताकृती नसतो. तेवढाच भाग बाद ठरवावयाचा, चित्रणाची मर्यादा त्या बाद क्षेत्रापुरती आखावयाची, आणि मग विंडोला आपले चित्र काढावयास सांगावयाचे, असा हा क्रम होता. प्रोग्रामने सर्व विंडो काढण्याचा आदेश दिला तरी पडद्यावर बदल होई तो बाद क्षेत्रातच. शेजारचे बिंदू जसेच्या तसे राहत. त्याच संगणकावरील मॅकपेंट या प्रोग्राममध्ये अॅटकिन्सन यांनी चित्र आधी पडद्याआड जुळवून मग पडद्यावर उतरविले, आणि त्यामुळे ब्रश फिरवितानाची लुकलुक थांबली. टंचाईच्या त्या काळातही जेथे हात सतत हलता राहणार, तेथे मेमरी खर्च करणे योग्य मानले गेले.

अशा रीतीने लुकलुकीवरील दोन स्वतंत्र उपाय १९८४ पर्यंत सिद्ध झाले होते. पहिला, जे बदलले तेवढेच काढणे. दुसरा, पडद्याआड पूर्ण करून मग एकदम मांडणे. पहिल्याने लुकलुकणारे क्षेत्र लहान होते, दुसऱ्याने त्या क्षेत्रातील रिकामा क्षणच नाहीसा होतो. पुढील वीस वर्षांत जे दोष दिसले, ते या दोहोंपैकी एकाची उपेक्षा झाल्यामुळेच दिसले.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत, जिची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये निघाली, पुनर्रेखनाचे काम दोन निरोपांत विभागलेले होते. प्रथम पार्श्वभूमी पुसण्याचा निरोप येई आणि नंतर चित्र काढण्याचा. नवशिक्या प्रोग्रामरला ही विभागणी सोयीची होती. पण पुसणे आणि काढणे यांतील अंतर तिने पद्धतीतच रुजविले. अनुभवी प्रोग्रामर पुसण्याच्या निरोपाला काही न करता ‘झाले’ असे उत्तर देत, पार्श्वभूमीसह सर्व चित्र मेमरीत काढीत आणि बाद क्षेत्रापुरते पडद्यावर उतरवीत. मुख्य विंडोतील बटणे, याद्या, मजकुराचे चौकोन या पोटविंडो असत; मुख्य विंडोने आपली पार्श्वभूमी त्यांच्यावरही फासली की त्या क्षणभर नाहीशा होऊन पुन्हा उमटत. म्हणून पोटविंडोंचे क्षेत्र वगळून चित्रण करण्याचीही सोय ठेवण्यात आली होती. १९८७ च्या एक्स-११ प्रणालीत झाकलेला भाग जपून ठेवण्याची हमी नव्हती. तो उघडा पडला की प्रोग्रामला कळविले जाई, आणि उत्तर येईपर्यंत तेथे रितेपणा दिसे.

५. लोहारा, १९९६ : विणकाम आणि पडदा

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा येथील औद्योगिक वसाहतीत १९९६ मध्ये जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयाची स्थापना झाली. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या जोडीला वस्त्र अभियांत्रिकीचीही शाखा आहे, आणि कापसाच्या मुलखात ते स्वाभाविकच होय. याच वसाहतीत डेनिम कापडाचा मोठा कारखानाही आहे. ज्या वर्षी हे महाविद्यालय सुरू झाले, त्याच वर्षी जानेवारीत जावा या भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढील दशकात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी विंडोंचे पहिले धडे ज्या भाषांतून गिरविले त्यांत जावा ही एक प्रमुख होती.

जावाच्या त्या पहिल्या आवृत्तीतील व्यवस्था या इतिहासात उद्बोधक आहे. पुनर्रेखनाची मागणी झाली म्हणजे ‘अपडेट’ नावाची क्रिया घटकाची सर्व पार्श्वभूमी पुसून टाकी आणि मग ‘पेंट’ या क्रियेला हाक मारी. मूळ व्यवस्था जशीच्या तशी ठेवल्यास हलते चित्र हटकून लुकलुके. मॅकिन्टॉशच्या तुलनेत १९९६ चे संगणक कितीतरी वेगवान होते. तरीही बारा वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न त्यांच्या पडद्यावर पुन्हा उभा राहिला, कारण कामाचा क्रम पुन्हा जुनाच झाला होता. यावरील उपाय म्हणजे ‘अपडेट’ क्रिया नव्याने लिहून तिच्यातील पुसणे काढून टाकणे आणि चित्र पडद्याआड तयार करणे. १९९८ च्या अखेरीस आलेल्या स्विंग या संचाने दुहेरी बफर ही सामान्य रीत म्हणून स्वीकारली. असे असूनही झाकलेली विंडो उघडी पडताना क्षणभर दिसणारा करडा ठिगळ डिसेंबर २००६ मधील सहाव्या आवृत्तीपर्यंत टिकून राहिला.

वस्त्र आणि संगणक या दोन शाखा जेथे एकत्र येतात, त्या कापडाच्या नक्षीच्या पडद्यावर पहिल्या उपायाची मर्यादाही चांगली दिसते. समजा, ताणा आणि बाणा यांच्या ४० गुणिले ४० छेदांची एक नक्षी आहे, प्रत्येक छेद ४ गुणिले ४ बिंदूंनी दाखविला आहे, आणि ६४० गुणिले ४८० बिंदूंच्या पडद्यावर ती नक्षी पुनरावृत्त होते. एका नक्षीस १६० बिंदूंची बाजू लागते. म्हणून पडद्यावर आडव्या चार व उभ्या तीन अशा बारा प्रती मावतात. रचनाकाराने एका छेदाचा रंग बदलला तर बारा ठिकाणचे मिळून १९२ बिंदू बदलतात. परंतु प्रोग्राम जर सर्व बदलांना वेढणारा एकच आयत बाद ठरवीत असेल, तर तो आयत ४८४ गुणिले ३२४, म्हणजे १,५६,८१६ बिंदूंचा होतो. बदल १९२ बिंदूंचा आणि पुनर्रेखन अर्ध्याहून अधिक पडद्याचे, असा हा व्यस्त प्रकार आहे. बारा लहान आयतांचे एक क्षेत्र धरले तर तोच बदल जागच्या जागी होतो. बदललेले तेवढेच काढावे, हा नियम सांगावयास सोपा असला तरी काय बदलले हे नेमके जाणणे हेच त्यातील खरे काम होय, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

६. देवनागरीची कसोटी

हीच गोष्ट लिपीच्या बाबतीत अधिक तीव्रतेने प्रत्ययास येते. रोमन लिपीत मजकूर टंकित करताना नवे अक्षर आधीच्या अक्षरांच्या उजवीकडे बसते आणि डावीकडचा मजकूर सामान्यतः अबाधित राहतो. म्हणून लेखनखुणेपासून ओळीच्या अखेरीपर्यंतचा भाग बाद ठरविला की काम भागते. देवनागरीत हे गृहीत चालत नाही. भारतीय लिप्यांसाठी १९८६ मध्ये ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक, १९९१ मध्ये भारतीय मानक झालेली इस्की संकेतावली, आणि तिचा आधार घेणारी युनिकोडची देवनागरी या तिन्हींत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात; पडद्यावरील क्रम मात्र वेगळा असू शकतो. ‘स्थिती’ हा शब्द टंकित करताना ‘स्थ’ उमटल्यावर ऱ्हस्व वेलांटी येते, ती ‘स्थ’च्या डावीकडे बसते, आणि आधीच काढलेले जोडाक्षर उजवीकडे सरकते. ‘कीर्ती’ या शब्दात ‘र’ प्रथम ओळीत उभा राहतो. हलन्त आणि ‘त’ आल्यावर त्याची जागा ‘त’ घेतो आणि ‘र’ रफार होऊन वर जातो. दीर्घ वेलांटी येताच तो रफारही बहुतेक टंकांत आणखी पुढे सरकतो. प्रत्येक पायरीला लेखनखुणेच्या डावीकडचा भाग बदलतो. म्हणून बाद क्षेत्राची सुरुवात संपूर्ण अक्षरसमूहाच्या आरंभापासून धरावी लागते.

दुसरी अडचण अक्षरांच्या बाहेर जाणाऱ्या अवयवांची आहे. वेलांटीचे वळण शेजारच्या व्यंजनावर झुकते, उकार ओळीखाली लोंबतो, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात. अक्षराला ओळीत जेवढी रुंदी दिलेली असते तिच्या बाहेर हे अवयव पडत असल्यामुळे केवळ त्या रुंदीवरून आयत आखला तर पुसलेल्या शब्दाच्या मात्रांचे तुकडे मागे राहतात, किंवा शिरोरेषेला सांध्यावर खंड पडतो. असे तुकडे टाळण्यासाठी प्रत्येक कळीला सगळी ओळ पुसून काढावी, तर पुसण्याची लुकलुक ओळभर पसरते. तिसरी अडचण २००१ नंतर मृदू कडांच्या टंकांचा प्रसार झाल्यावर आली. ज्या अक्षरांच्या कडा करड्या छटांनी मऊ केलेल्या असतात, ती न पुसता त्याच जागी पुन्हा काढल्यास छटा एकमेकींवर चढून अक्षर जाड होते. पुसणे टाळून लुकलुक टाळण्याची जुनी काटकसर येथे लागू पडत नाही.

यातून निष्पन्न होते ते असे की, देवनागरीसाठी दोन्ही उपाय एकत्र योजणे आवश्यक ठरते. अक्षरसमूहाचे नियम जाणून बाद क्षेत्र ठरवावयाचे, आणि ते क्षेत्र पडद्याआड पुसून, काढून मग मांडावयाचे. याला लागणारी मेमरी फार नाही. सोळा रंगांच्या ६४० गुणिले ४८० पडद्यास १,५३,६०० बाइट लागतात. पण २४ बिंदू उंचीच्या एका ओळीचा बफर ७,६८० बाइटांत, म्हणजे विसाव्या हिश्श्यात मावतो. सारा पडदा दुहेरी ठेवणे न परवडणाऱ्या यंत्रावरही ओळीपुरता दुहेरी बफर परवडण्यासारखा होता.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या इतिहासात या प्रश्नाला महत्त्वाचे स्थान आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत ज्याचा पाया घातला गेला, ते जिस्ट तंत्र या केंद्राने विकसित केले. संगणकात बसविलेल्या जिस्ट कार्डामुळे रोमन लिपीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतही भारतीय लिप्या वापरता येऊ लागल्या. अक्षरसमूह जुळविण्याचे ओझे प्रत्येक प्रोग्रामकडून काढून एका ठिकाणी आणण्याची ही दृष्टी होती. २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० या आवृत्तीपासून देवनागरी जुळविण्याचे काम प्रणालीच करू लागली, आणि मराठी मजकुराचे मोजमाप सर्व प्रोग्रामांना एकाच ठिकाणाहून मिळण्याची सोय झाली. तथापि त्या मोजमापाचा उपयोग बाद क्षेत्र ठरविण्यासाठी करावयाचा की नाही, हे प्रोग्रामरच्या हातीच राहिले.

७. संयोजक पद्धतीचा काळ

मेमरी स्वस्त झाल्यावर या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. मार्च २००१ मधील मॅक ओएस टेन, जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी विक्रीस आलेली विंडोज व्हिस्टा, आणि लिनक्सच्या जगात २००८ मध्ये आरंभ झालेला वेलँड प्रकल्प यांनी संयोजक पद्धती रूढ केली. तीत प्रत्येक विंडो आपल्या स्वतंत्र बफरात चित्र काढते आणि संयोजक सर्व बफर एकत्र करून पडद्यावर मांडतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यास प्रत्येक बिंदूला चार बाइट धरता ८२,९४,४०० बाइट लागतात, म्हणजे १९८४ च्या मॅकिन्टॉशच्या सुमारे ३७९ पट. तरीही अशा अनेक प्रती बाळगणे आज कोणाला जड वाटत नाही. एक विंडो हलविली असता खालची विंडो पांढरी पडण्याचा प्रकार यामुळे थांबला.

परंतु यावरून प्रश्न संपला असे मानणे योग्य नव्हे. संयोजकाला मिळणारा बफर अपुरा असेल तर तो अपुरे चित्रच मांडील. पूर्णत्वाची साक्ष प्रोग्रामलाच द्यावी लागते. तसेच पडद्याचे वाचन चालू असता मध्येच चित्र बदलल्यास वरचा भाग जुना आणि खालचा नवा असे फाटके चित्र दिसते. म्हणून अदलाबदल दोन वाचनांच्या मधल्या अवकाशात करावी लागते. अंशतः पुनर्रेखनाचे महत्त्वही कमी झालेले नाही. दूरच्या संगणकाचा पडदा जाळ्यावरून पाहताना बदललेला भाग तेवढाच पाठविणे इष्ट असते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात न बदललेले बिंदू पुन्हा काढणे म्हणजे विजेचा अपव्यय होय. टंचाई मेमरीची होती ती आता विजेची व जाळ्याच्या रुंदीची झाली. बाद क्षेत्राचा हिशेब कायम राहिला.

डोळ्याच्या बाजूनेही हा विषय केवळ सौंदर्याचा नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रमालेत लाल व निळ्या रंगांचा सेकंदाला सुमारे बारा वेळा होणारा लखलखाट पाहून शेकडो मुलांना झटके, मळमळ इत्यादी त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांत सेकंदाला तिनाहून अधिक वेळा लखलखणारा मजकूर वर्ज्य ठरविण्यात आला. विंडोच्या पुनर्रेखनातील लुकलुक इतकी उग्र नसते, हे खरे. पण दिवसभर पडद्यासमोर बसून मराठी मजकूर टंकित करणाऱ्या माणसाच्या डोळ्याला प्रत्येक कळीगणिक ओळ थरथरताना पाहावी लागणे, हा त्याच्या श्रमात पडलेला अकारण बोजाच होय.

८. तात्पर्य

शांबरिक खरोलिकेच्या कंदिलांपासून संयोजकापर्यंतच्या या वाटचालीत साधने पूर्णपणे बदलली, पण लुकलुकीचे कारण आणि तिचा परिहार यांचे नाते बदलले नाही. अपुरे काम पाहणाऱ्यापुढे ठेवले की ती उत्पन्न होते, आणि नवे सिद्ध होईपर्यंत जुने जागेवर राहू दिले की ती शमते. केवळ वेगावर विसंबलेल्या प्रत्येक पिढीला हा प्रश्न पुन्हा भेटला. १९८४ मध्ये सुटलेला प्रश्न १९९६ मध्ये पुन्हा उभा राहणे, हा त्याचा स्पष्ट पुरावा होय.

दुसरी गोष्ट अधिक दूरवर जाणारी आहे. बदललेला भाग कोणता, हे यंत्र स्वतः होऊन जाणत नाही. ते कोणीतरी आधी ठरवून दिलेले असते, आणि ठरविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी लिपी असते तिचीच गृहीते त्यात उतरतात. उजवीकडेच वाढणाऱ्या अक्षरांसाठी आखलेला आयत ‘स्थिती’ आणि ‘कीर्ती’ या शब्दांना अपुरा पडतो. म्हणून मराठीतून काम करणाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याने दुहेरी बफराचे तंत्र शिकणे जितके आवश्यक, तितकेच अक्षरसमूहाचे व्याकरण जाणणेही आवश्यक आहे. पहिले ज्ञान जगातील कोणत्याही ग्रंथात मिळू शकेल. दुसऱ्याची जोड मात्र ज्या विद्यार्थ्यांची ती लिपी आहे, त्यांनीच त्याला दिली पाहिजे.